करोल बागेतील गलाई बांधव आणि बदलते करनियम

दिल्लीच्या करोल बागेत 'बँक स्ट्रीट' या नावाचा एक रस्ता आहे. नावात बँक असली तरी या रस्त्याची ख्याती सोन्याची आहे. दुतर्फा सराफी पेढ्या आहेत आणि त्यांच्या मागे बीडनपुरा, रैगरपुरा या वस्त्यांतील अरुंद गल्ल्यांमधून दागिने घडविणारे, जडविणारे आणि त्यांना झळाळी देणारे कारागीर दिवसरात्र राबत असतात. या कारागिरांत बंगाली मंडळींचा भरणा मोठा आहे. मात्र एखाद्या जिन्याखालच्या खोलीतून, भट्टीच्या घरघरीबरोबर, अस्सल माणदेशी मराठी कानी पडते आणि नवखा मराठी माणूस क्षणभर थबकतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातून निघून भारतभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांचीच ही एक शाखा होय.

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. सराफाकडे आलेले जुने दागिने, घडणावळीत उरलेले तुकडे, कानशीने निघालेला कीस, एवढेच नव्हे तर कारखान्याची झाडलोट, हात धुण्याच्या पाण्यातील गाळ आणि जुनी पायपुसणी यांतूनही हे लोक धातू वेगळा काढतात. रीत जुनी आणि शास्त्रशुद्ध आहे. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवायचे, त्याचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करायचे आणि शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. चांदी व तांबे तेजाबात विरघळतात, सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ती भुकटी धुऊन पुन्हा वितळविली की पिवळी लगड हाती येते. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही. त्यात तांब्याचे पत्रे सोडले की ती पुन्हा खाली बसते. चांदीचे प्रमाण कमी पडले तर तेजाब आतवर पोहोचत नाही आणि सोन्यात मळ राहतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय या व्यवसायातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते.

धातूच्या शुद्धतेचा हिशेब असा दशांशापर्यंत ठेवणाऱ्या या मंडळींना कराचा हिशेब मात्र आजवर परका वाटत आला. याचे कारण त्यांचा अप्रामाणिकपणा नव्हे. हा धंदा मुळात तोंडी शब्दावर आणि विश्वासावर उभा आहे. सराफ पुडी हातात देतो, संध्याकाळी लगड परत येते, मधल्या काळात कागदाचा चिटोराही नसतो. अनेक ठिकाणी मजुरीसुद्धा रुपयांत न घेता घटीतून, म्हणजे धातूच्या अंशातून, सुटून येत असे. गेल्या काही वर्षांत करनियम ज्या वेगाने बदलले, त्या वेगाने ही रीत बदलणे शक्य नव्हते. या बदलांपैकी जे करोल बागेतील लहान, स्वतंत्र, एकट्याच्या बळावर धंदा करणाऱ्या गलाई व्यावसायिकास खरोखर भिडतात, त्यांचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

सोन्याच्या व्यापारावर केंद्राने उत्पादन शुल्क बसविण्याचा प्रयत्न यापूर्वीही केला होता. २०१२ च्या अर्थसंकल्पात बिगर-ब्रँडेड दागिन्यांवर १ टक्का शुल्क सुचविण्यात आले, देशभर सराफांनी दुकाने बंद ठेवली आणि मे २०१२ मध्ये ते शुल्क मागे घेण्यात आले. २०१६ च्या अर्थसंकल्पात ते पुन्हा आले. या वेळी संप सुमारे सहा आठवडे चालला, पण शुल्क कायम राहिले. मोठ्या पेढीला सहा आठवडे दुकान बंद ठेवणे परवडते. रोजच्या पुड्यांवर घर चालविणाऱ्या गलाईवाल्याला ते परवडत नाही, आणि त्याला त्या संपात कोणी विचारलेही नव्हते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि रोखीवर चालणारा हा धंदा दुसऱ्यांदा थबकला. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा उत्पादन शुल्क त्यात विलीन होऊन सोने व दागिने यांवर ३ टक्के दर ठरला.

माल कोणाचा? हा पहिला प्रश्न

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने गलाईच्या धंद्याचे दोन भिन्न प्रकार पडतात आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो.

पहिला प्रकार असा की, सोने सराफाचे आहे, गलाईवाला ते केवळ शुद्ध करून परत देतो आणि मजुरी घेतो. कायद्याच्या भाषेत हे 'जॉबवर्क' होय. दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया ही वस्तूची विक्री नसून सेवा आहे. नोंदणीकृत सराफाच्या सोन्यावर केलेल्या अशा कामाच्या मजुरीवर ५ टक्के कर आहे. तो मजुरीवर आहे, सोन्याच्या किमतीवर नाही. दुसरा प्रकार असा की, गलाईवाला झाडलोटीची माती किंवा जुने सोने स्वतः विकत घेतो, गाळतो आणि शुद्ध धातू विकतो. ही वस्तूची विक्री झाली आणि तिच्यावर ३ टक्के कर लागतो.

नोंदणीची मर्यादाही यानुसार बदलते. सेवा देणाऱ्यास वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. दिल्लीत केवळ वस्तू विकणाऱ्यास ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून ४० लाख आहे. 'केवळ' या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जो मजुरीही करतो आणि सोनेही विकतो, त्याला ४० लाखांची सवलत नाही. त्याची मर्यादा २० लाखच, आणि त्या २० लाखांत दोन्ही रकमा मोजल्या जातात.

एक दिलासा आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. जॉबवर्कसाठी आलेले सराफाचे सोने परत करताना त्याची किंमत गलाईवाल्याच्या उलाढालीत धरली जात नाही. वर्षभरात कोट्यवधींचे सोने त्याच्या भट्टीतून गेले तरी त्याची उलाढाल म्हणजे त्याची मजुरी. मात्र ते सोने सराफाचे होते हे दाखविणारा कागद हवा. हा कागद म्हणजे सराफाने दिलेले डिलिव्हरी चलन. पाठविलेला माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, अन्यथा तो ज्या दिवशी पाठविला त्याच दिवशी विकला असे कायदा मानतो. गलाईला वर्ष लागत नाही, दिवसही पुरतो. त्यामुळे या मुदतीची भीती नाही, पण चलनाविना आलेल्या पुडीची भीती बाळगावी.

दुसऱ्या प्रकारात एक सूक्ष्म अडचण आहे. एप्रिल २०१९ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला साधारण ३२ हजार रुपयांच्या आसपास होता. त्या भावाने ४० लाखांची मर्यादा सव्वा किलो सोन्याला भरत असे. २०२५ मध्ये भावाने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. आता तीच मर्यादा ४०० ग्रॅमपूर्वीच संपते. म्हणजे धंदा तेवढाच, किंबहुना कमी झाला असला, तरी केवळ भाववाढीमुळे माणूस नोंदणीच्या कक्षेत येतो. कायद्यात मर्यादा रुपयांत लिहिलेली आहे, ग्रॅममध्ये नाही. ज्यांनी २०१९ साली सल्लागाराकडून 'तुम्हाला नोंदणी लागत नाही' असे ऐकले आणि तेच उत्तर आजपर्यंत धरून ठेवले, त्यांनी आपली वही पुन्हा एकदा उघडून पाहावी.

राजधानी क्षेत्राचा म्हणून आणखी एक पेच आहे. करोल बागेतून मेट्रोच्या निळ्या मार्गाने थेट नोएडास जाता येते, पण करकायद्याच्या दृष्टीने नोएडा म्हणजे उत्तर प्रदेश आणि गुरुग्राम म्हणजे हरियाणा. शुद्ध केलेले स्वतःचे सोने नोएडाच्या सराफास विकले की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि वस्तूच्या आंतरराज्य विक्रीस उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी सक्तीची आहे. शिवाय नोंदणी राज्यनिहाय असते. भट्टी करोल बागेतून हलवून दुसऱ्या राज्यात नेली तर जुन्या क्रमांकावर तेथे बिल फाडता येत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये आणखी एक गोंधळ झाला होता. बिगर-नोंदणीकृत व्यक्तीकडून खरेदी केल्यास खरेदीदारानेच कर भरावा, अशी तरतूद प्रारंभी लागू होती. त्यामुळे नोंदणीकृत सराफ लहान गलाईवाल्याकडून माल घेण्यास कचरू लागले. घरचा जुना दागिना विकणाऱ्या सामान्य माणसाच्या विक्रीस ही तरतूद लागू नाही, असा खुलासा सरकारने १३ जुलै २०१७ रोजी केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही तरतूदच स्थगित झाली. तीन-साडेतीन महिन्यांचाच हा काळ, पण तेवढ्यात जी गिऱ्हाइके तुटली ती सर्वच परत आली नाहीत, असे येथील जुने व्यावसायिक आजही सांगतात.

नोंदणी घ्यावी की टाळावी? आमचे मत असे की, ज्याची गिऱ्हाइके नोंदणीकृत सराफ आहेत, त्याने मर्यादेच्या आत असतानाही नोंदणीचा विचार करावा. मजुरीवर लावलेला ५ टक्के कर सराफाला आपल्या करातून वळता करून घेता येतो, त्यामुळे तो त्याला महाग पडत नाही. उलट लहान सेवा पुरवठादारांसाठी ५० लाखांपर्यंत असलेली ६ टक्क्यांची संमिश्र योजना या धंद्यास निरर्थक आहे. ज्या सेवेवर मुळात ५ टक्के कर आहे, तिथे ६ टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे आणि सराफालाही वजावट मिळू द्यायची नाही, यात शहाणपण नाही. तरीही कोणीतरी सुचविले म्हणून ही योजना घेतलेले लोक आढळतात. खरा भार कराचा नसून विवरणपत्रांचा आहे. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यास जानेवारी २०२१ पासून त्रैमासिक विवरणपत्राची सोय आहे. मात्र विलंब झाल्यास दिवसाला ५० रुपये, आणि काहीच व्यवहार नसल्यास २० रुपये, याप्रमाणे विलंब शुल्क लागते. गावी लग्नकार्यासाठी दोन महिने गेलेला माणूस परत येतो तेव्हा हे शुल्क त्याची वाट पाहात असते.

आयकर: सहा टक्के आणि त्याचा अर्थ

आयकर कायदा, १९६१ मधील कलम ४४एडी लहान व्यावसायिकांच्या परिचयाचे आहे. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि ही तरतूद त्यात कलम ५८ मध्ये आहे. लोकांच्या तोंडी असलेला जुना क्रमांकच येथे वापरला आहे.) २ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यास, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ३ कोटींपर्यंत, सविस्तर हिशेबवह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. बँकेमार्फत किंवा अन्य डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर हाच दर ६ टक्के आहे. ही ६ टक्क्यांची सवलत आर्थिक वर्ष २०१६-१७ पासूनची, नोटाबंदीच्या काळातील.

मजुरीवर काम करणाऱ्यास ही योजना सोयीची आहे. सोने स्वतः खरेदी करून विकणाऱ्यास मात्र ती घातक ठरू शकते. समजा, भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये आहे आणि वर्षभरात एक किलो सोन्याची विक्री झाली. उलाढाल एक कोटी. तिचे ६ टक्के म्हणजे सहा लाख. या धंद्यात अर्धा टक्का सुटला तरी पुष्कळ, म्हणजे प्रत्यक्ष नफा पन्नास हजार. जे मिळालेच नाही ते उत्पन्न म्हणून दाखवायचे, की हिशेबवह्या ठेवून खरा नफा दाखवायचा? दुसरा मार्ग रास्त आहे. तथापि, ज्याने एकदा ४४एडी स्वीकारून पाच वर्षांच्या आत ते सोडले, त्याला पुढील पाच वर्षे ही योजना मिळत नाही, आणि त्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असल्यास लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. म्हणून एकाच माणसाने एका वर्षी मजुरी आणि पुढील वर्षी खरेदी-विक्री अशी उडी मारण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

आता बँकेच्या टेबलावर जे दिसते त्याविषयी. एखाद्याची वर्षाची मजुरी १८ लाख रुपये आहे आणि ती सर्व खात्यात जमा झालेली आहे. सल्लागार ६ टक्के दराने १ लाख ८ हजार रुपये उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरतो. कर शून्य, सर्वजण प्रसन्न. दोन वर्षांनी हाच गृहस्थ गृहकर्जासाठी येतो. विवरणपत्रानुसार त्याचे मासिक उत्पन्न ९ हजार रुपये आहे. एवढ्या उत्पन्नावर दिल्लीत कोणतीही बँक घरासाठी कर्ज देणार नाही. तो आपल्या हाताच्या बोटांवरील तेजाबाचे डाग दाखवून सांगतो, "साहेब, खरी कमाई याच्या आठपट आहे." ते खरेही असते. पण कर्जाच्या अर्जास बोटे जोडता येत नाहीत.

वस्तुतः कायद्यात ६ किंवा ८ टक्के हा किमान दर आहे. प्रत्यक्ष कमाई त्याहून अधिक असेल तर अधिक दाखविणे अभिप्रेत आहे. पूर्वी अधिक दाखविले की कर वाढत असे, म्हणून कमी दाखविण्याचा मोह समजण्यासारखा होता. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पगारदारास ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने त्याची मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. स्वतंत्र व्यावसायिकास ती वजावट नाही, त्याची मर्यादा १२ लाखांचीच. पण वरील गृहस्थाची खरी कमाई ९ लाख असेल तर ती पूर्ण दाखवूनही कर शून्यच राहतो, आणि मासिक उत्पन्न ७५ हजार दिसते. मग १ लाख ८ हजार दाखविण्यात मिळविले ते काय? सवयीखेरीज याचे दुसरे कारण आम्हास सापडलेले नाही.

जुनी करप्रणाली निवडायची असल्यास व्यवसाय करणाऱ्यास मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. पगारदाराप्रमाणे दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसाय चालू असेतोवर, पुन्हा जुनीकडे वळण्याची मुभा नाही.

गावाकडील शेती

गलाई व्यावसायिकाचे एक पाऊल दिल्लीत आणि दुसरे गावात असते. एके काळी गावची शेती म्हणजे तोट्याचाच विषय होता, त्यापायी तर हे लोक बाहेर पडले. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या शिवारात पोहोचू लागल्यापासून चित्र पालटत आहे. द्राक्षे आणि डाळिंबांनी काही घरांना चांगले दिवस दाखविले. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ते कराचा दर ठरविताना मिळविले जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका व्यावसायिकाचे गलाईचे उत्पन्न १० लाख आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाख आहे. नव्या प्रणालीनुसार प्रथम १५ लाखांवरील कर काढायचा. तो येतो १ लाख ५ हजार. त्यातून शेतीचे ५ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख, मिळून ९ लाखांवरील कर, म्हणजे ३० हजार, वजा करायचा. उरले ७५ हजार. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने सवलत मिळते, पण ती कमाल ६० हजारांची. शिल्लक १५ हजार, त्यावर ४ टक्के उपकर धरून १५,६०० रुपये भरावे लागतात. '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य ऐकून निश्चिंत झालेल्या माणसाला ही रक्कम अनपेक्षित वाटते. शेती वडिलांच्या नावे असेल आणि उत्पन्न खरोखर त्यांचेच असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून सात-बारा कोणाच्या नावे आहे आणि द्राक्षाची पट्टी कोणाच्या खात्यात जमा होते, हे दिल्लीत बसूनही पाहावे लागते.

रोख, कपात आणि थकलेली मजुरी

१ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला. सोने विकणाऱ्या गलाईवाल्याने हे विसरू नये, कारण २ लाख म्हणजे आता जेमतेम दोन तोळ्यांची गोष्ट राहिली आहे. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख भरल्यास त्याची माहिती बँकेला आयकर विभागास कळवावी लागते. चालू खात्यासाठी ही मर्यादा ५० लाख आहे. ही माहिती नोव्हेंबर २०२१ पासून करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात त्यालाही पाहता येते. धंद्याची रक्कम बचत खात्यात फिरविणाऱ्या ग्राहकांना आम्ही चालू खाते उघडण्याचा आग्रह करतो, तो केवळ शाखेचे उद्दिष्ट पूर्ण व्हावे म्हणून नव्हे. (उद्दिष्ट असतेच, ते नाकारीत नाही.)

मजुरी देताना मोठा सराफ कलम १९४सी अन्वये १ टक्का कर कापतो. एका वेळची रक्कम ३० हजारांहून अधिक किंवा वर्षाची १ लाखाहून अधिक असली की ही कपात लागू होते. पॅन दिलेला नसल्यास कपात २० टक्के. कापलेली रक्कम गेली असे समजून विवरणपत्रच न भरणारे पुष्कळ आहेत. १८ लाखांवर १ टक्का म्हणजे १८ हजार रुपये. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ही सर्व रक्कम परत मिळू शकते. त्यासाठी केवळ मुदतीत विवरणपत्र भरावे लागते आणि बँक खाते पॅनशी जोडून प्रमाणित करावे लागते.

थकलेल्या मजुरीसंबंधी झालेला बदल मात्र खऱ्या अर्थाने लहान माणसाच्या बाजूचा आहे. कलम ४३बी(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले नाही, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. दिवाळीची मजुरी होळीला देणाऱ्या पेढ्यांवर याचा परिणाम दिसून येतो. हा लाभ मिळण्यासाठी गलाईवाल्याकडे उद्यम नोंदणी असली पाहिजे. ती १ जुलै २०२० पासून आधार व पॅनच्या आधारे विनाशुल्क होते, कोणा मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. या नियमाला दुसरी बाजूही आहे. काही व्यापारी उद्यम नोंदणी नसलेल्याकडेच काम देणे पसंत करतात. परंतु मजुरी सहा महिने अडकवून ठेवू इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आपली नोंदणी टाळावी काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कागद ठेवण्याचे आणखी एक कारण कराच्या बाहेरचे आहे. चोरीचे सोने विकत घेतल्याच्या संशयावरून पोलीस दारात येणे, ही या व्यवसायातील सर्वांत मोठी धास्ती आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४११ चा आकडा गलाईच्या घरातील बायका-मुलांनाही पाठ असे. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती वजनाचे, किती टंचाचे सोने घेतले आणि पैसे कोणत्या खात्यातून दिले, याची नोंद असलेली खरेदी पावती अशा वेळी प्रामाणिक माणसाच्या हाती एवढाच आधार असतो.

भट्टीवरचा मुलगा: नोकर की स्वतंत्र कारागीर?

हा प्रश्न जगभर पडलेला आहे. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय दवाखान्यांतून बदली म्हणून तात्पुरते काम करणाऱ्या परिचारिका असतात. आज या दवाखान्यात, पुढील आठवड्यात दुसऱ्या, अशा त्या फिरतात आणि स्वतःला स्वयंरोजगारी मानतात. पण तेथील कायद्यानुसार पशुवैद्यकीय परिचारिकेने पशुवैद्याच्या निर्देशानुसारच उपचार करायचे असतात. मग ती स्वतंत्र कशी? स्वतःची कंपनी काढून तिच्यामार्फत काम करणाऱ्यांसाठी २००० सालापासून तेथे 'आयआर ३५' या नावाने ओळखले जाणारे नियम आहेत. एप्रिल २०१७ पासून सरकारी क्षेत्रात आणि एप्रिल २०२१ पासून मध्यम व मोठ्या खासगी आस्थापनांत, असा माणूस खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकण्यात आली.

आपल्याकडे असा स्वतंत्र नियम नाही, परंतु कसोटी फारशी निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस प्रकरणात नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे नोकर ठरविले. शिलाई यंत्रे दुकानाची होती, काम दुकानात होत असे आणि न पटलेले काम परत करण्याचा अधिकार मालकाकडे होता. करोल बागेतील भट्टीवर गावाकडून आलेला मुलगा मालकाच्या मुशीत, मालकाच्या वेळेनुसार काम करतो. त्याला ठेकेदार दाखवून देयक घेणे कागदावर सोपे असले तरी तो नोकरच होय. याउलट, स्वतःची भट्टी नसलेला पण टंच काढण्यात तरबेज असा एखादा कारागीर तीन-चार दुकानांत फिरून आपल्या दराने काम करीत असेल, तर तो स्वतंत्र व्यावसायिक आहे आणि ४४एडी, उद्यम नोंदणी, मुद्रा कर्ज या साऱ्या वाटा त्याला खुल्या आहेत. मजुरी रोखीने घेऊन गावी पाठविण्याची त्याची सवय मात्र त्याच्या आड येते. दिवसाला १० हजारांहून अधिक रोख मजुरी एकास दिल्यास, हिशेबवह्या ठेवणाऱ्या मालकालाही तो खर्च वजा करता येत नाही, त्यामुळे खात्यात पैसे देण्यास मालकाची हरकत सहसा नसते. अशा मुलाचे पहिले खाते आमच्या शाखेत उघडले जाते तेव्हा अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न तो हमखास विचारतो. 'स्वयंरोजगार' असे लिहिण्यापूर्वी आम्ही त्याला भट्टी कोणाची, एवढेच विचारतो.

वर्षअखेरीचा कालावधी या मंडळींना विशेष अडचणीचा असतो. ४४एडी खाली येणाऱ्यास आगाऊ कर चार हप्त्यांत न भरता १५ मार्चपर्यंत एकरकमी भरण्याची मुभा आहे, पण चैत्रातील गावच्या यात्रांसाठी निघण्याची तयारीही त्याच सुमारास सुरू होते. हजरत निजामुद्दीनहून सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसचे आरक्षण दोन महिने आधी होते, कराचे चलन मात्र शेवटच्या दिवसापर्यंत राहते. गावी जाण्यापूर्वी चलन भरून घ्यावे, सराफांकडून येणे असलेल्या मजुरीची यादी त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्यावी आणि ३१ मार्च रोजी भट्टीत व तिजोरीत असलेला धातू कोणाचा किती, याचे वजन टंचासह एका कागदावर मांडून त्याची एक प्रत आपल्या लेखापालाकडे ठेवावी.